मुलांची शाळा आणि तिथले शिक्षक : ठाणे-नवी मुंबईतील पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास पहिल्या सत्राचा निकाल हाती आल्यावर पालकांकडून येणारे प्रश्न बहुतांशी सारखेच असतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. ती मुख्यतः पहिली ते दहावीच्या शाळांना धरून लिहिलेली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिक्षकांचे शिक्षण किती झाले आहे, हे पालक म्हणून मी विचारू शकतो का? शाळा म्हणते, हा आमचा अंतर्गत विषय आहे.

अवश्य विचारू शकता. मात्र पालक जी माहिती मागतात ती तीन प्रकारची असते आणि प्रत्येक प्रकाराबाबत शाळेची जबाबदारी वेगळी आहे. आपल्या पाल्याची उपस्थिती, आकलन आणि प्रगती यांची माहिती पालकांच्या नियमित बैठका घेऊन देणे, हे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २४ नुसार शिक्षकाचे कर्तव्यच आहे. ती देण्यास टाळाटाळ करता येत नाही. शाळेची मान्यता, पटसंख्या, शिक्षकसंख्या आणि निकाल यांच्या नोंदी शासनाकडे असतात आणि त्यांतील बऱ्याचशा शाळेला न विचारताही पाहता येतात. तिसरा प्रकार अमुक वर्गावरील शिक्षकाच्या पात्रतेचा. ही पात्रता किमान किती असावी हे त्याच कायद्याच्या कलम २३ खाली ठरलेले असल्यामुळे ती आहे की नाही, हा संस्थेचा खासगी मामला राहत नाही. शिक्षकाची गुणपत्रिका, सेवापुस्तिका किंवा घरचा पत्ता मात्र मागू नये. तो नकार मिळाला तर तो योग्यच असेल.

२. कोणत्या वर्गाला शिकवण्यासाठी नेमकी कोणती पात्रता लागते?

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीसाठीची किमान पात्रता ठरवली. पहिली ते पाचवीसाठी बारावीला किमान ५० टक्के गुण (राखीव प्रवर्गांना सवलत), दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका, जिला आपण पूर्वी डी.एड. म्हणत असू, आणि शिक्षक पात्रता परीक्षेचा म्हणजे टीईटीचा पहिला पेपर लागतो. सहावी ते आठवीसाठी पदवी, तिच्यासोबत डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर लागतो. नववी-दहावीला संबंधित विषयातील पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीला त्या विषयातील पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. असावे लागते. चित्रकला आणि शारीरिक शिक्षण यांच्या शिक्षकांची पात्रता वेगळी असते, उदाहरणार्थ एटीडी (कला शिक्षक पदविका) किंवा बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी).

एक गैरसमज येथेच दूर करणे आवश्यक आहे. "बाई बी.एड. आहेत, म्हणजे डी.एड.पेक्षा वरचढच," असे अनेक पालक गृहीत धरतात. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी बी.एड. ही पहिली ते पाचवीसाठीची पात्रता ठरू शकत नाही, असा निकाल दिला, कारण लहान मुलांना शिकवण्याचे प्रशिक्षण हा वेगळा अभ्यास आहे. त्या तारखेपूर्वी नियमानुसार नेमल्या गेलेल्या शिक्षकांच्या नोकऱ्यांना नंतर संरक्षण देण्यात आले आणि त्यांच्यासाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम ठरवण्यात आला. दुसरीच्या वर्गावर नव्याने आलेल्या शिक्षिकेकडे केवळ बी.एड. असेल, तर विचारणा करण्यास आधार आहे.

३. टीईटी जुन्या शिक्षकांनाही लागते का? आमच्या सरांची वीस वर्षे नोकरी झाली आहे.

महाराष्ट्रात राज्य परीक्षा परिषद ही परीक्षा २०१३ पासून घेते. केंद्रीय पात्रता परीक्षा, म्हणजे सीटीईटी, सीबीएसई घेते. परीक्षा १५० गुणांची असून उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, तर राखीव प्रवर्गांना ५५ टक्के गुण लागतात, आणि प्रमाणपत्र आता कायमस्वरूपी ग्राह्य असते. राज्यात १३ फेब्रुवारी २०१३ च्या शासन निर्णयानंतर नेमलेल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना ही अट होतीच. त्याआधीच्या शिक्षकांबद्दलचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने पुढे आला. ज्यांच्या सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक आहे त्यांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, आणि ज्यांची पाच वर्षांहून कमी मुदत आहे त्यांना निवृत्तीपर्यंत राहता येईल, मात्र टीईटीविना पदोन्नती मिळणार नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे वीस वर्षे सेवा झालेल्या शिक्षकाकडे टीईटी नाही एवढ्यावरून त्याला 'अपात्र' म्हणणे घाईचे ठरेल. शिवाय वर्ग सांभाळण्याचे त्याचे कसब त्या परीक्षेत मोजले जात नाही, हेही पालकांनी ध्यानात घ्यावे.

प्रमाणपत्र आहे म्हणजे ते खरेच आहे, असेही नाही. २०१९-२० च्या टीईटीतील गैरप्रकार पुणे पोलिसांच्या तपासात उघड झाल्यावर परीक्षा परिषदेने २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई केली. प्रमाणपत्राची खातरजमा करणे पालकाच्या आवाक्यातले नाही. ती शिक्षणाधिकारी कार्यालय परीक्षा परिषदेकडून करून घेऊ शकते.

४. शिक्षणसेवक म्हणजे अर्धवट शिक्षक असतो का?

नाही. शिक्षणसेवकाला नियमित शिक्षकाइतकीच पात्रता लागते. फरक एवढाच की पहिली तीन वर्षे त्याला वेतनश्रेणीऐवजी मानधन मिळते. तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांनुसार मानधन मिळणाऱ्या शिक्षकाची गोष्ट वेगळी आहे. त्याबद्दल प्रश्न १२ पाहावा.

५. शाळा मान्यताप्राप्त आहे की नाही, हे कसे ओळखावे?

पहिली ते आठवीचे वर्ग चालवणाऱ्या खासगी शाळेला, मंडळ कोणतेही असो, शिक्षण हक्क कायद्याखालील मान्यता लागते. बोलीभाषेत तिला 'आरटीई मान्यता' म्हणतात आणि तिचे प्रमाणपत्र 'नमुना २' म्हणून ओळखले जाते. त्यावरील मुदत पाहावी, कारण नूतनीकरण रखडलेले असणे ही नेहमीची गोष्ट आहे. सीबीएसई किंवा आयसीएसई असा फलक लावलेल्या शाळेकडे त्या मंडळाची संलग्नता आहे का, हे मंडळाच्या संकेतस्थळावर वेगळे तपासावे. 'सीबीएसई पॅटर्न' असे लिहिलेल्या शाळेकडे ती बहुधा नसते.

मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास कलम १८ नुसार एक लाख रुपयांपर्यंत आणि त्यानंतरही ती चालू ठेवल्यास दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिका अनधिकृत शाळांच्या याद्या जाहीर करतात आणि ठाण्याच्या यादीत दिवा परिसरातील शाळा पुन्हा पुन्हा दिसतात. प्रवेशाचे पैसे भरण्याआधी ही यादी पाहणे हे पात्रतेच्या सर्व प्रश्नांहून आधीचे काम आहे, कारण अशा शाळेतून बाहेर पडताना शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून अडचणी सुरू होतात.

६. शाळेत न जाता शिक्षकांबद्दलची माहिती कुठे पाहता येईल?

यूडायस प्लस या केंद्रीय नोंदप्रणालीत. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो आणि तो प्रगतिपुस्तकावर, दाखल्यावर किंवा शाळेच्या फलकावर सापडतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे. महाराष्ट्राचा २७ आणि ठाणे जिल्ह्याचा २१, म्हणून ठाणे, ऐरोली, वाशी, नेरुळ येथील शाळांचे क्रमांक २७२१ ने, तर खारघर किंवा कामोठ्यातील शाळांचे २७२४ ने सुरू होतात. संकेतस्थळावर 'आपली शाळा जाणून घ्या' या अर्थाच्या विभागात हा क्रमांक किंवा शाळेचे नाव टाकल्यावर शाळेचा अहवाल दिसतो. त्यात एकूण शिक्षक, त्यांपैकी नियमित आणि कंत्राटी किती, पदवीधर किती, बी.एड. किंवा डी.एल.एड. झालेले किती, तसेच वर्गखोल्या, स्वच्छतागृहे आणि पटसंख्या असते. शिक्षकांची नावे नसतात.

ही माहिती शाळेनेच भरलेली असते, हे विसरू नये. तिचा खरा उपयोग ताळा करण्यासाठी आहे. अहवालात पहिली ते पाचवीसाठी वीस शिक्षक दिसत असतील आणि मुलांच्या तोंडी बाराच नावे येत असतील, तर पालक सभेत विचारण्याचा प्रश्न तयार झाला. पटसंख्येशीही तुलना करावी. कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा लागतो.

७. सीबीएसई शाळेच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी पब्लिक डिस्क्लोजर' असे पान असते. त्यात काय पाहायचे?

सीबीएसईने आपल्या संलग्न शाळांना ठरावीक नमुन्यातील माहिती संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक केले आहे. संलग्नतेचे पत्र, आरटीई मान्यता, इमारत आणि अग्निसुरक्षेची प्रमाणपत्रे, शुल्करचना, वार्षिक दिनदर्शिका, पालक-शिक्षक संघाची यादी, मागील तीन वर्षांचे निकाल, प्राचार्य, शिक्षकांची वर्गवारीनुसार संख्या, विशेष शिक्षक आणि समुपदेशक, हे सर्व त्यात यायला हवे. शिक्षकांची पात्रताही प्रसिद्ध करावी, असे मंडळाने शाळांना बजावले आहे.

या पानाची सवय लागलेले पालक तीन गोष्टी पाहतात. दुवे खरोखर उघडतात का. प्रमाणपत्रांच्या मुदती उलटून गेल्या आहेत का. आणि शिक्षकसंख्या तुकड्यांशी जुळते का. मंडळाचा निकष एका तुकडीमागे दीड शिक्षकांचा आहे, म्हणजे चाळीस तुकड्यांच्या शाळेत साठ शिक्षक अपेक्षित आहेत. पीआरटी म्हणजे प्राथमिक, टीजीटी म्हणजे पदवीधर प्रशिक्षित आणि पीजीटी म्हणजे पदव्युत्तर शिक्षक. पान रिकामे असेल तर मुख्याध्यापकांना एक ईमेल पाठवून त्याची प्रत मंडळाकडे द्यावी. माहिती अधिकाराचा अर्ज करण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळदा लवकर फळतो.

८. राज्य मंडळाच्या विनाअनुदानित शाळेला माहितीचा अधिकार लागू होतो का?

अनुदानित शाळेला आणि महापालिकेच्या शाळेला सरळ अर्ज करता येतो. तेथे जन माहिती अधिकारी नेमलेला असतो. नवी मुंबई महापालिका सीबीएसई शाळाही चालवते आणि त्यांच्याबाबतीतही महापालिका हेच सार्वजनिक प्राधिकरण आहे. विनाअनुदानित शाळा स्वतः सहसा या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तरीही माहिती अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम २ (च) नुसार, एखादे सार्वजनिक प्राधिकरण दुसऱ्या कायद्याखाली खासगी संस्थेकडून जी माहिती मिळवू शकते, तीही 'माहिती' ठरते. शाळेला मान्यता देणारे कार्यालय शिक्षकांचा तपशील मागवू शकते, म्हणून अर्ज शाळेकडे न करता त्या कार्यालयाकडे करावा.

अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे. कोर्ट फी स्टॅम्प चालतो आणि राज्याच्या आरटीआय ऑनलाइन संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत असावा. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. न मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे करता येते. दुसऱ्या अपिलाला मोठा विलंब लागतो, इतका की तोवर मूल पुढच्या वर्गात गेलेले असते. त्यामुळे पहिल्याच अर्जात प्रश्न नेमका लिहिणे महत्त्वाचे. त्याचा मसुदा प्रश्न ९ मध्ये दिला आहे.

९. 'ही शिक्षकाची वैयक्तिक माहिती आहे' असे उत्तर आले. आता?

असे उत्तर आता अधिक वेळा येईल, अशी तयारी ठेवावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (ञ) मध्ये वैयक्तिक माहितीला असलेल्या अपवादाला पूर्वी काही मर्यादा होत्या; डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आल्यावर त्या मर्यादा काढून टाकल्या गेल्या. व्यापक सार्वजनिक हित दाखवल्यास माहिती देता येते, ही कलम ८ (२) मधील तरतूद मात्र कायम आहे.

व्यवहारात उपयोगी पडतो तो प्रश्नाचा घाट. "श्रीमती अमुक यांच्या पदव्यांच्या प्रती द्याव्यात" असे लिहिल्यास नकार जवळजवळ ठरलेला. त्याऐवजी असे लिहावे : "यूडायस क्रमांक अमुक या शाळेत चालू शैक्षणिक वर्षात इयत्ता सहावी ते आठवीच्या प्रत्येक तुकडीला गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांची संख्या, त्यांपैकी शैक्षणिक व व्यावसायिक पात्रता आणि टीईटी पूर्ण केलेल्यांची संख्या, तसेच आपल्या कार्यालयाने या शाळेची शेवटची तपासणी केल्याचा दिनांक आणि तपासणी अहवालाची प्रत द्यावी." यात कोणाचेही नाव नाही, पण आपल्या मुलाच्या तुकडीचे उत्तर त्यातून मिळते. अनुदानित शाळेसाठी त्यात 'संचमान्यतेची प्रत' जोडावी, कारण पटानुसार किती पदे मंजूर आणि किती भरलेली हे त्या एकाच कागदावर दिसते. तपासणी अहवाल मागणारे पालक फार थोडे असतात; माझ्या मते सर्वांत बोलका कागद तोच आहे.

१०. खारघरच्या शाळेसाठी अर्ज ठाण्याला करायचा की अलिबागला? आणि घोडबंदर रोडच्या शाळेसाठी महापालिकेकडे की जिल्हा परिषदेकडे?

नवी मुंबई हे नाव दोन जिल्ह्यांत पसरलेले असल्यामुळे हा घोळ होतो. दिघ्यापासून बेलापूरपर्यंतचा भाग नवी मुंबई महापालिकेचा आणि ठाणे जिल्ह्यातला. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा २०१६ मध्ये स्थापन झालेल्या पनवेल महापालिकेचा भाग रायगड जिल्ह्यात येतो. उलवेही रायगडमध्येच आहे. त्यामुळे खारघरच्या शाळेचा विषय रायगड जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाशी, म्हणजे अलिबागशी, जोडलेला आहे.

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या हद्दीत प्राथमिक वर्गांसाठी महापालिकेचा शिक्षण विभाग, तर नववी-दहावीसाठी ठाणे जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) अशी सर्वसाधारण विभागणी आहे. म्हणजे एकाच इमारतीतील सातवीचा प्रश्न एका कार्यालयात आणि नववीचा दुसऱ्या कार्यालयात जातो. दहावी-बारावीच्या परीक्षेचे विषय राज्य मंडळाच्या मुंबई विभागीय कार्यालयाकडे असतात आणि ते वाशीला आहे. तरीही अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६ (३) नुसार त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. "आमच्याकडे येत नाही" असे म्हणून परत देता येत नाही.

११. दहावीचा शंभर टक्के निकाल लागणारी शाळा चांगलीच समजायची ना?

निकालाची टक्केवारी खोटी नसते, पण ती कोणत्या संख्येवर काढली आहे हे प्रवेशद्वारावरील फलक सांगत नाही. समजा, आठवीत १२० मुले होती आणि दहावीला ९६ बसली व सगळी उत्तीर्ण झाली, तर निकाल शंभर टक्केच लागतो. मधली २४ मुले कुठे गेली, हा खरा प्रश्न आहे. काही घर बदलून गेली असतील. ठाण्यासारख्या शहरात ते स्वाभाविक आहे. काहींना नववीत अनुत्तीर्ण करून दाखला घ्यायला लावलेले असते, तर काहींना "१७ नंबरचा फॉर्म भरा" असे सुचवून खासगी विद्यार्थी म्हणून बसवलेले असते, जेणेकरून त्यांचा निकाल शाळेच्या नावावर येऊ नये. म्हणून शाळेला टक्केवारी न विचारता तीन आकडे विचारावेत : सलग तीन वर्षांचा आठवी, नववी आणि दहावीचा पट, नववीत अनुत्तीर्ण झालेल्यांची संख्या, आणि दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसलेल्यांची संख्या.

गुणांबाबतही सावधगिरी हवी. राज्य मंडळाच्या दहावीत प्रत्येक विषयाच्या शंभरपैकी वीस गुण शाळेच्या हाती असतात, आणि सहा विषयांतील सर्वोत्तम पाच विषयांवर टक्केवारी काढली जाते, त्यामुळे ज्या विषयाचा शिक्षक वर्षभर नव्हता तो विषय टक्केवारीतून अलगद गळून जाऊ शकतो. विषयवार सरासरी मागावी. गणितातील सरासरी पन्नाशीत आणि एकूण टक्केवारी नव्वदीत अशी तफावत दिसली, तर ती गणिताच्या शिक्षकाबद्दल आणि परिसरातील शिकवणी वर्गांबद्दल बरेच काही सांगते. नौपाडा किंवा वाशीसारख्या भागात दहावीची बहुतेक मुले क्लासला जातात. तेथील निकालाचे श्रेय पूर्णपणे शाळेला देणे धाडसाचे आहे.

१२. ऑगस्टमध्ये गणिताच्या बाई रजेवर गेल्या. तेव्हापासून कोणी ना कोणी येऊन वर्ग सांभाळते. शाळेने आम्हाला कळवायला हवे होते ना?

शिक्षक बदलल्याचे पालकांना ठरावीक मुदतीत लेखी कळवावे, अशी तरतूद शिक्षण हक्क कायद्यात नाही. ती असायला हवी होती, असे स्पष्ट मत येथे नोंदवतो. मात्र पात्रतेची अट बदली शिक्षकासाठी शिथिल होत नाही. प्रसूती रजा २६ आठवड्यांची, म्हणजे जवळजवळ पूर्ण सत्राची असते. एवढ्या काळासाठी तासिका तत्त्वावर नेमलेली व्यक्तीही त्या वर्गासाठी पात्र असावी, असा आग्रह धरणे रास्त आहे. ती विज्ञानाची आहे की इतिहासाची, हेही विचारावे.

महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांना आणखी एक अट आहे. कलम २६ नुसार मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहता कामा नयेत. शिक्षक नेमणुकीवर असूनही वर्गावर नाहीत, असेही घडते. कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ देते, पण आपल्याकडे निवडणुकांची आणि मतदारयादीची कामे संपता संपत नाहीत. शाळेला दोष देण्याआधी शिक्षक कुठे पाठवला आहे ते विचारावे. तक्रार मग योग्य दाराशी जाईल.

पत्र लिहिताना "शिकवणे नीट होत नाही" असे न लिहिता, कोणत्या तुकडीचे, कोणत्या विषयाचे, कोणत्या तारखेपासून तास झाले नाहीत, हे मुलांच्या वह्यांवरून टिपून द्यावे. वहीतील शेवटच्या धड्याची तारीख नाकारता येत नाही.

१३. आठवीपर्यंत नापास करत नाहीत. मग मूल मागे पडले आहे हे कळणार कसे?

प्रगतिपुस्तकातील श्रेणीवरून आणि तिच्यामागील नोंदींवरून. राज्यात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आकारिक (वर्षभर चालणारे) आणि संकलित (सत्राच्या अखेरचे) मूल्यमापन सुरू झाले. त्यातील अ-१ म्हणजे ९१ ते १००, ब-१ म्हणजे ७१ ते ८०, क-२ म्हणजे ४१ ते ५०, तर ड म्हणजे ३३ ते ४०. "क-२ मिळाला, म्हणजे ठीक आहे" असे समजू नये. 'वर्णनात्मक नोंदी'त सर्व मुलांना एकच वाक्य लिहिलेले असेल, तर त्या मुलाकडे पाहून लिहिलेल्या नाहीत हे उघड आहे. अशा वेळी उत्तरपत्रिका पाहण्यास मागाव्यात.

पाचवी आणि आठवीबाबत नियम बदलले आहेत. केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीने या वर्गांना परीक्षेची मुभा दिली आणि राज्याने २०२३ मध्ये ती लागू केली. अनुत्तीर्ण मुलाला जादा मार्गदर्शन देऊन पुन्हा परीक्षा घ्यावी लागते. तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवता येते. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही.

१४. 'परख' किंवा 'नॅस' सर्वेक्षणात आमच्या शाळेचा क्रमांक कुठे दिसेल?

दिसणार नाही. १२ नोव्हेंबर २०२१ चे राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (नॅस) आणि ४ डिसेंबर २०२४ चे परख सर्वेक्षण नमुना पद्धतीने होते. निष्कर्ष जिल्ह्यापर्यंतचेच असतात. एखादी शाळा जाहिरातीत अशा सर्वेक्षणाचा 'क्रमांक' सांगत असेल, तर तो कुठून आला हे विचारावे. शाळासिद्धीसारख्या उपक्रमातील श्रेणी शाळेच्या स्वयंमूल्यमापनावर उभी असते, त्यामुळे तिचा अहवाल श्रेणीपेक्षा त्यात लिहिलेल्या उणिवांसाठी वाचावा.

१५. पालक-शिक्षक संघ आणि शाळा व्यवस्थापन समिती यांपैकी कोणाकडे जायचे?

शाळा महापालिकेची किंवा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडे. तीत ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असतात, आणि शाळेच्या कामकाजावर देखरेख हे तिचे कायदेशीर काम आहे. विनाअनुदानित शाळेला ही समिती बंधनकारक नाही. तेथे पालक-शिक्षक संघ असतो. महाराष्ट्र शैक्षणिक संस्था (शुल्क विनियमन) अधिनियम, २०११ नुसार तो वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत स्थापन करावा लागतो आणि कार्यकारी समितीतील पालक सोडतीने निवडले जातात. संघाचा मुख्य विषय शुल्क असला तरी शुल्कवाढीच्या प्रस्तावात शिक्षकांच्या वेतनाचा खर्च दाखवावा लागतो. त्यामुळे "एवढ्या वेतनात कोणत्या पात्रतेचे किती शिक्षक आहेत?" हा प्रश्न तेथे चपखल बसतो. व्हॉट्सॲप गटावरील चर्चेची इतिवृत्तात नोंद होत नाही. प्रश्न सभेत मांडून तो इतिवृत्तात लिहून घ्यावा.

१६. वर्गशिक्षकच संध्याकाळी आपल्याच विद्यार्थ्यांची शिकवणी घेतात. हे चालते का?

नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे.

१७. शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हे विचारता येते का?

येते आणि विचारावे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेतील घटनेनंतर राज्याने सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील समिती) आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी यांबाबत शाळांना आदेश दिले; कंत्राटी सफाई कामगार, मदतनीस आणि बसचालकही त्यात येतात. पडताळणीचे कागद दाखवण्याचा आग्रह न धरता ती सर्वांची पूर्ण झाली आहे का, हे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावे.

१८. अल्पसंख्याक दर्जाची शाळा म्हणते, आम्हाला हे नियम लागू नाहीत.

अंशतः खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही. प्रश्न ३ मध्ये उल्लेखिलेल्या २०२५ च्या निकालात या भूमिकेबद्दल शंका व्यक्त करून तो मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला आहे. तोवर अशा शाळेत टीईटीचा आग्रह धरणे कठीण आहे. मात्र मंडळाच्या संलग्नतेच्या अटी सुटत नाहीत, त्यामुळे सीबीएसई संलग्न अल्पसंख्याक शाळेला प्रश्न ७ मधील पान ठेवावेच लागते.

१९. हे सगळे विचारले तर मुलाला वर्गात त्रास होईल, अशी भीती वाटते.

ही भीती अनाठायी नाही, म्हणून मार्ग तसा निवडावा. प्रश्न ६ आणि ७ मधील माहिती कोणालाही न कळता पाहता येते. शाळेला पत्र द्यायचे असल्यास एकाच तुकडीतील चार-पाच पालकांनी मिळून सही करावी. माहिती अधिकाराचा अर्ज कोणीही नागरिक करू शकतो आणि त्यासाठी कारण सांगावे लागत नाही. डोंबिवलीला राहणाऱ्या आजोबांनी नेरुळच्या शाळेबद्दल अर्ज केला तरी तो वैध आहे. अर्जात मुलाचे नाव, तुकडी किंवा हजेरी क्रमांक लिहू नये.

त्रास खरोखरच सुरू झाला, तर शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे आणि कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो आणि त्यावरील अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. तक्रारीची पोच शिक्का आणि दिनांकासह घ्यावी, कारण तीन महिन्यांची मुदत त्या दिनांकापासून मोजली जाते.